सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तर: आंतरवासितेत नेमकं काय शिकायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात आमची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकण्याचा काळ, सुरू होतोय. मला मिळालेली शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, द्विशिक्षकी आहे. सूक्ष्म पाठ आणि सराव पाठांत मला चांगले गुण आहेत. पण पहिल्या वर्षी शाळेत गेले तेव्हा मुलं ऐकतच नव्हती, पाठ अर्धा सोडावा लागला. सीनियर मुली म्हणतात, फायली पूर्ण कर, बाकी त्यात काही नसतं. शेवटी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आणि भरतीची अभियोग्यता चाचणीच कामाला येते. मग एवढे आठवडे शाळेत काढून मी नेमकं काय शिकायचं?"

तुला 'तू' म्हणते. तुझ्या वयाच्या मुली दरवर्षी माझ्या वर्गात आंतरवासितेला येतात आणि त्यांनाही मी असंच बोलवते. मी जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत सव्वीस वर्षं शिकवते आहे, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. गेली काही वर्षं मार्गदर्शक शिक्षिका म्हणून छात्रशिक्षकांचे, म्हणजे तुझ्यासारख्या शिकाऊ शिक्षकांचे, पाठही बघते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते. या आठवड्यांत एकच गोष्ट शीक: मूल चुकतं तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते ओळखायला. पाठ घेणं, फलक लेखन, साहित्य, वर्गावर ताबा हे सगळं त्याच्या मागून येतं. आणि हे शिकायची सवड तुला पुढे मिळणार नाही. नोकरी लागली की पहिल्याच दिवशी दोन वर्ग तुझ्या हातात असतील. हजेरी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, पालक, सगळं तुझ्यावर. त्या दिवसांत एका मुलाशेजारी जमिनीवर बसून तासभर नुसतं बघत राहायला कोणाला वेळ असतो? आत्ता तुला तो आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांत मिळून शाळेतला काळ वीस आठवड्यांचा, त्यातला बहुतेक दुसऱ्या वर्षात. वीस आठवडे ऐकायला पुष्कळ वाटतात. सुट्ट्या, स्नेहसंमेलन आणि परीक्षा वजा केल्या की हातात फार उरत नाहीत.

म्हणजे काय करायचं, ते एका प्रसंगातून सांगते.

मागे एक छात्रशिक्षिका माझ्याकडे दुसरीला होती. हुशार आणि मेहनती मुलगी. रात्री जागून पुठ्ठ्याचं साहित्य करायची. तिने संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. एकोणीस मुलांपैकी आठ-नऊ जणांनी 'सत्तेचाळीस' सांगितल्यावर ७४ लिहिलं. तिने पाट्या तपासल्या, फुल्या मारल्या आणि निरीक्षण वहीत लिहिलं, "विद्यार्थी संख्यालेखनात कच्चे आहेत, सराव आवश्यक." आणि त्या मुलांना एक ते शंभर अंक तीनदा लिहून आणायला सांगितले.

मी तिला मधल्या सुट्टीनंतर म्हटलं, यातली एक मुलगी घे, ओसरीवर बस आणि पुन्हा तीच संख्या सांग. फक्त या वेळी तिचे ओठ बघ. ती बसली. मुलगी पाटीवर वाकून पुटपुटत होती, "सत्ते... सात. चाळीस... चार." आणि तिने तसंच लिहिलं, डावीकडून उजवीकडे, आधी सात, मग चार. जे आधी ऐकलं ते आधी लिहिलं. मराठीत दोन अंकी संख्येच्या नावात एकक आधी येतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. पोरीने ऐकण्यात काडीची चूक केली नव्हती.

मग मी छात्रशिक्षिकेला म्हटलं, आता पाटी बाजूला ठेव आणि मुलीला सत्तेचाळीस काड्या मांडायला सांग. मुलीने दहा-दहाच्या गठ्ठ्यांतले चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मांडल्या. एकदाही न अडखळता. म्हणजे तिला सत्तेचाळीस किती हे पक्कं माहीत होतं. अडत होतं ते कानावर पडलेलं नाव कागदावर उतरवताना. अशा मुलीने एक ते शंभर तीनदा लिहिले तर काय होणार? ती तक्त्याचा क्रम बघून खाली खाली उतरत जाणार, एकाखाली एक अंक वाढवत. हात दुखणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ७४.

आम्ही तिच्याकडून काय करून घेतलं? गठ्ठे मांडायचे, आधी गठ्ठ्यांकडे बोट दाखवून "चाळीस" म्हणायचं, मग सुट्यांकडे दाखवून "आणि सात", आणि त्याच क्रमाने लिहायचं. लिहून झाल्यावर नाव म्हणायचं, "सत्तेचाळीस". चार-पाच दिवसांत ती स्वतःच थांबायला लागली. नाव ऐकलं की क्षणभर डोळे वर करायची, आधी दशक शोधायची. तो थांबलेला क्षण छात्रशिक्षिकेने पाहिला आणि मला येऊन सांगितलं. तिच्या साऱ्या आंतरवासितेतला तो सगळ्यात मोलाचा दिवस होता, असं मी मानते.

याच वर्गातल्या एका मुलाने 'एकोणपन्नास' ऐकून ५९ लिहिलं होतं. त्याचंही डोकं किती चाललं होतं बघ. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांच्या शेवटी नऊ येतो हे त्याने स्वतः ओळखलं होतं, आणि 'पन्नास' कानावर पडलं म्हणून पाच. दोन्ही जोडले. त्याला 'एकोण' म्हणजे एकाने उणं, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. अंगणात खडूने संख्यारेषा काढली, त्याला पन्नासवर उभं केलं आणि एक पाऊल मागे जायला सांगितलं. दोघांचं उत्तर चुकलेलं, पण चुकीची वाट वेगळी. फुली मात्र सारखीच पडली होती.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्या परोपरीने सांगत होत्या की मुलांना नावातली जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. मराठी बुडाली म्हणणाऱ्यांपैकी कोणी दुसरीच्या वर्गात बसून एखाद्या मुलाला सत्तेचाळीस लिहिताना पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. मी दोन्ही नावं शिकवते. 'चाळीस सात' ही हात धरायची काठी आहे. पाय भरला की मूल ती आपणहून सोडतं.

आता तुझं काम. एक शंभर पानी वही घे, कॉलेजच्या फायलींपासून वेगळी. पहिल्या आठवड्यात तीन मुलं निवड. वर्गात सगळ्यात पुढे हात करणारी नकोत आणि सगळ्यात त्रास देणारीही नकोत. ती आपोआप दिसतात. ज्यांची नावं तुला दोन दिवस झाले तरी आठवत नाहीत, त्यांतली तीन घे. रोज प्रत्येकासाठी चार ओळी. अट एकच, त्यात तुझं मत नको. 'गणितात कच्चा', 'लाजाळू', 'घरी लक्ष नाही' असले शब्द लिहायचे नाहीत. काय केलं, काय बोललं, कुठे थांबलं, कोणाकडे बघितलं, एवढंच. "४७ ऐवजी ७४ लिहिले. लिहिताना 'सत्ते' म्हणाली आणि लगेच ७ काढला. काड्या बरोबर मांडल्या." अशा नोंदीतून दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळतं. 'कच्चा' या शब्दातून काहीच कळत नाही.

वाचनाचंही तसंच. मूल घडाघडा वाचतंय असं वाटतं, तेव्हा त्याचं बोट बघ. पुष्कळदा तोंड एका ओळीवर असतं आणि बोट दुसऱ्या, कारण धडा ऐकून पाठ झालेला असतो. मधलाच एखादा शब्द झाकून दाखव, किंवा वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक शब्द वाचायला सांग. चित्र असेल तर त्यावर तळहात ठेव. 'कमळ' वाचणारं मूल चित्र झाकल्यावर कधीकधी गप्प होतं. परीक्षा घेतोय असा आव मात्र आणू नकोस. शेजारी बस, आधी त्याला आवडतं ते वाचू दे. मुलाला तू तपासनीस वाटलीस की ते खरी चूक दाखवतच नाही, लपवतं. आणि लपवलेली चूक हुडकायला वर्ष जातं.

हे मी इतकं आग्रहाने सांगते, कारण मला ते कोणी दाखवलं नव्हतं. नव्वदच्या दशकात मी डी.एड. केलं. आमच्या अध्यापक विद्यालयात सराव पाठांचा नुसता धडाका असायचा. निरीक्षक मागच्या बाकावर बसून शेरे लिहायचे: फलक लेखन सुवाच्य हवे, प्रश्नांचे वितरण योग्य, आवाजात चढउतार हवा, साहित्य आकर्षक. मुलांना काय कळलं, हे एकाही पाठानंतर मला कोणी विचारलं नाही आणि मलाही ते कधी सुचलं नाही. मग जुलैच्या धो धो पावसात पहिल्या शाळेवर हजर झाले. तिसरीतली सहा मुलं वाचत नव्हती. ती का वाचत नाहीत हे शोधायचं कसं, याचा पत्ताच नव्हता. मी त्यांना तोच धडा मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा वाचून दाखवत राहिले. त्यांचं ते वर्ष गेलं. आज ती मुलं तिशी ओलांडलेली असतील. ती खंत माझ्या मनातून जात नाही.

आता, मुलं ऐकत नाहीत याबद्दल. तुझं त्या दिवशी काय झालं असेल त्याचा मला अंदाज आहे. सराव पाठ पंचवीस-तीस मिनिटांचा असतो, वर्गशिक्षक मागे उभे असतात आणि त्यांच्या धाकाने मुलं बसलेली असतात. ते बाहेर गेले की मुलांना तुझ्याबद्दल काहीच माहीत नसतं. नाव माहीत नाही, तू काय चालवून घेशील ते माहीत नाही, तू उद्या येशील का तेही माहीत नाही. म्हणून पहिले चार दिवस पाठच घेऊ नकोस. मुख्याध्यापकांना तसं स्पष्ट विचार. परिपाठाला मुलांच्या रांगेत उभी राहा, त्यांच्याबरोबर खिचडी खा, खेळाच्या तासाला मैदानात उतर. शाळा सुटल्यावर वाडीकडे जाणाऱ्या पोरांबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत चालत जा. कोणाला ओढा ओलांडावा लागतो, कोण धाकट्या भावाला कडेवर घेऊन येतं, हे तिथेच दिसतं. पाचव्या दिवशी फळ्यापाशी उभी राहशील तेव्हा प्रत्येकाला नावाने हाक मारता येईल. निम्मा गोंधळ तिथेच खाली बसतो.

उरलेला निम्मा बहुतेक वेळा आपण स्वतः करून ठेवलेला असतो. काड्या आधी वाटल्या आणि सूचना नंतर दिली, तर ती सूचना कोणाच्याच कानात जात नाही. हातात काड्या आल्या की मूल काड्यांचं होतं. आधी सांगायचं, मग एखाद्याकडून ते बोलून घ्यायचं, मग वाटायचं. ओरडून बोललीस तर मुलं तुझ्याहून मोठ्याने बोलतील; आवाज उतरव आणि बोलणाऱ्या मुलाजवळ जाऊन उभी राहा, न रागावता. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोज. आपण दोन मोजायच्या आत पहिल्या हाताला उत्तर देऊन टाकतो, आणि बाकीची मुलं विचार करायचं सोडून देतात, कारण उत्तर येणारच असतं. छडी, कान पिळणं, उठाबशा, 'मंद' म्हणणं, हे काही करायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. शाळेत कोणी तसं करताना दिसलं, तर तू त्यात सामील होऊ नकोस आणि आपल्या प्राध्यापकांच्या कानावर घाल.

तुझी शाळा द्विशिक्षकी आहे, म्हणजे जोडवर्ग आलेच. साठपर्यंत पट असला की कायद्याने दोनच शिक्षक, आणि वर्ग चार. कॉलेजातला नमुना पाठ एका वर्गाचा असतो. इथे पहिली तुझ्याकडे तोंड करून बसलेली असेल आणि दुसरी भिंतीकडे. माझ्या अनुभवात इथे एकच क्रम चालतो: ज्यांना तू शिकवणार नाहीस त्यांचं काम आधी लाव. ते काम वीस मिनिटं पुरेल असं हवं, बाईंना विचारल्याशिवाय करता येईल असं हवं, आणि बरोबर आलं की नाही ते मुलांना आपापसात बघता येईल असं हवं. 'पान नंबर बारा उतरवा' हे काम नव्हे. ते सहा मिनिटांत संपतं किंवा संपतच नाही. जोड्यांनी कार्ड जुळवणं, एकमेकांना शब्द सांगून लिहिणं, मोजून मांडणं असलं काही दे. पाठाचं टाचण, म्हणजे लेखी आराखडा, काढताना अर्धा वेळ या दुसऱ्या गटाच्या कामावर घालव.

टाचणाबद्दल सीनियर मुली म्हणतात त्यात तथ्य आहे, फायली पूर्ण कराव्याच लागतात. उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, फलक लेखनाचा आराखडा, सगळं कॉलेजच्या साच्यात लिही. त्यावर गुण आहेत, उगाच भांडत बसू नकोस. पण प्रत्येक टाचणाच्या खाली दोन ओळी तुझ्यासाठी वाढव. पाठाआधी: मुलं इथे कोणती चूक करतील असं मला वाटतं? पाठानंतर: प्रत्यक्षात कोणती केली? महिनाभराने त्या ओळी ओळीने वाच. आधीचा अंदाज आणि नंतरची नोंद जवळ जवळ येत गेलेली दिसली, तर तू शिकते आहेस.

भाषेचा एक प्रसंग सांगायलाच हवा. आमच्या भागात घरी 'माझं-तुझं' ऐवजी 'मपलं-तुपलं' म्हणतात. पहिलीतला एक मुलगा धावत आला, "बाई, मपली पाटी नेली!" छात्रशिक्षक म्हणाला, "मपली नाही, माझी म्हण. नीट बोल." मुलाने तोंड मिटलं. पाटी कोणी नेली ते राहिलंच बाजूला. पुढे तीन दिवस तो मुलगा त्या सरांशी बोलला नाही, आणि सरांनी नोंद केली, 'अबोल'. त्या छात्रशिक्षकाला मी म्हटलं, मुलाची आई घरी असंच बोलते. तू त्याला सांगितलंस की आईचं बोलणं चुकीचं आहे. त्याऐवजी "तुपली पाटी कोणी नेली रे? चल, शोधू" म्हणायचं, आणि पाटी मिळाल्यावर फळ्यावर 'माझी पाटी' लिहून दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवायचे: घरी असं, पुस्तकात असं. त्याने चौथ्या दिवशी तसं केलं. अहिराणी, वारली, कोरकू, पावरी, गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुलं तुझ्या वर्गात असतील तर अंतर याहून कितीतरी जास्त असणार. जाण्यापूर्वी त्या गावातल्या कोणाकडून तरी वीस-पंचवीस शब्द लिहून घे: पाणी, भूक लागली, पोट दुखतं, शू आली, घरी जायचंय. पहिलीच्या मुलाला हे शब्द समजणारं माणूस शाळेत आहे एवढंच हवं असतं.

आता जरा अवघड विषय. कित्येक शाळांत जागा रिकाम्या आहेत आणि छात्रशिक्षक आला की त्याच्या हातात एक अख्खा वर्ग सोपवून दिला जातो. वर्गशिक्षक केंद्रशाळेत बैठकीला, नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला. मी शिक्षकांना दोष देत नाही. ती माहिती भरली नाही तर त्यांनाच जाब द्यावा लागतो. पण तुझं शिकणं तिथे थांबतं. तू आठवडाभर एकटीने वर्ग सांभाळलास तर तुला दमायला होईल आणि आपण कुठे चुकलो ते कळणारच नाही. म्हणून नम्रपणे, पण रोज मागून घे: "सर, तिसऱ्या तासाला दहा मिनिटं मागे बसाल का? मला भागाकाराच्या वेळी मुलांचं काय होतं ते बघायचंय." 'माझा पाठ बघा' म्हटलं की माणसं शेरा लिहून मोकळी होतात. 'ती खिडकीजवळची मुलगी काय करते ते बघा' म्हटलं की खरंच बघतात, आणि बघितल्यावर त्यांनाही बोलायला काही सापडतं. बरोबरची छात्रशिक्षिका असेल तर तिला मागे बसव आणि तिच्या पाठाला तू बस.

हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही यांवर सही तुझी नको. ती जबाबदारी शाळेची आहे. दुसऱ्याच्या लॉगिनने माहिती भरून देणं टाळ. पण नोंदवही कशी ठेवतात ते जरूर शिकून घे. पहिली ते पाचवीला दर मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ असतो. एका छात्रशिक्षिकेने चौथीच्या मुलांनाच सकाळी पट मोजायला लावलं, अडतीस. मग वजनकाट्यावर तीन किलो आठशे ग्रॅम तांदूळ भरून घेतला. महिनाभर रोज. त्या वर्गाला किलो-ग्रॅमचं रूपांतर वेगळं शिकवावं लागलं नाही.

मूल्यमापनाच्या नोंदीही बघ. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिकचे, म्हणजे रोजच्या निरीक्षणाचे आणि कामाचे, ७० टक्के आणि संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ३०; तिसरी-चौथीला ६० आणि ४०. लहान वर्गात लेखी परीक्षेहून रोजच्या निरीक्षणाला जास्त वजन दिलं आहे, ते याचसाठी. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरतात आणि त्यांतली वाक्यं उतरवली जातात. तुला त्या भरायला दिल्या, तर निदान तुझ्या तीन मुलांच्या नोंदी तुझ्या वहीतून लिही.

राहिला परीक्षेचा प्रश्न. तुझ्या सीनियर मुलींचं गणित मी खोटं म्हणत नाही. टीईटीचा पहिला पेपर १५० गुणांचा, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत. मग अभियोग्यता चाचणी २०० गुणांची, आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची निवड त्या गुणांवर. त्यानंतर तीन वर्षं शिक्षणसेवक, २०२३ पासून महिना १६ हजार मानधनावर. आंतरवासितेचे गुण त्या यादीत कुठेही धरले जात नाहीत. जागा किती निघतील, कधी निघतील, याची काळजी तुझ्या घरातही रोज होत असेल. तेव्हा अभ्यास सोडू नकोस. रोज संध्याकाळी दोन तास त्याला दे आणि शाळेचं काम शाळेत संपव. पण दोन गोष्टी लक्षात घे. टीईटीत बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे ३० गुण आहेत, आणि 'मुलाने असं उत्तर दिलं तर शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल' या प्रश्नाला तीन मुलांची वही लिहिलेली मुलगी गाईड पाठ करणाऱ्या मुलीपेक्षा लवकर उत्तर देते. मुलाखतीसह भरती करणाऱ्या संस्थांत अध्यापन कौशल्यही बघतात. दुसरं, ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही असा निकाल दिला. तो निकाल ज्या भूमिकेवर उभा आहे ती हीच, की लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे. तुझ्या पदविकेची किंमत त्या कसबात आहे, आणि ते वीस आठवड्यांत कमवायचं आहे.

शेवटच्या आठवड्यात निरोपसमारंभ, फोटो, भेटवस्तू यांत सगळे गुंततात. तू एक दुपार मोकळी ठेव. तुझ्या तीन मुलांची पानं स्वच्छ अक्षरात उतरवून वर्गशिक्षकांच्या हातात दे आणि तोंडी सांग: या मुलीला बेरीज येते, पण हातच्याचा अंक कुठे लिहायचा ते तिने शेजारणीचं बघून धरलं आहे; या मुलाला 'ध' आणि 'घ' वाचताना येतात, लिहिताना उलटापालट होते; हा अजून गप्प असतो, पण चित्र काढता काढता बोलतो. सत्तेचाळीसवाल्या त्या छात्रशिक्षिकेने अशी दोन पानं मला दिली होती. जूनमध्ये ती मुलगी तिसरीत माझ्याचकडे आली. पहिल्या दिवशी तीन अंकी संख्या सुरू करण्याआधी मी ती पानं काढली, तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "एकशे सत्तेचाळीस. आधी काय शोधशील?" तिने वर बघितलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आधी शंभर, बाई. मग चाळीस शोधायचे, ते मागं लपलेले असतात."